मूठभर कोंड्याला घेतलेली पोर

भागामावशी, तुझा दहावा होऊन चार दिवस झाले. आज आमच्या दुकानातले पुड्या बांधायचे कोरे कागद घेऊन बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं. मी काही लिहायला बसले की तू म्हणायचीस, "कागदाशी काय बोलतीस, मी हाय की हितं." आता तू नाहीस, म्हणून कागदाशी बोलते आहे. फार वेळ बसवत नाही. पाचवा महिना लागलाय, पाय सुजतात, आणि बसल्या जागी डोळा लागतो. तुझ्यासाठी नीट रडणंही अजून झालेलं नाही.

खरं सांगायचं तर रडण्याच्या आधी मला तुझा राग आला. तुझी धाकटी सून मागच्या दाराशी येऊन म्हणाली, "आत्याबाई गेल्या", तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आता माझं कसं होणार. चार-पाच महिन्यांनी मी परत बाजेवर पडणार, परत ते दिवस येणार, आणि तू नसणार. तू मेलीस आणि मी माझाच विचार करत उभी राहिले. हे तुला सांगायची लाज वाटत नाही. याहून वाईट गोष्ट तुला पूर्वीच सांगून झालेली आहे.

माझी पहिली दोन तुला माहीत आहेत. मुलगा नऊ दिवसांचा होऊन गेला, त्याच्या पाठची मुलगी दोन महिन्यांची होऊन गेली. माझी आई मी लहान असतानाच वारलेली. तलवड्याला माहेर म्हणजे एकटे वडील आणि त्यांचं दुकान. त्यांनी मला अक्षरं शिकवली, पण बाळंतपण ते कसं करणार? म्हणून तिन्ही खेपा इथंच, धर्मापुरीला, सासूबाईंच्या हाताखाली. सासूबाई वाईट नाहीत हे तू मला शंभरदा सांगितलंस. नव्हत्याच. त्यांनी बाजेखालची शेगडी कधी विझू दिली नाही, डिंकाच्या लाडवात खोबरं कमी पडू दिलं नाही. पण खोलीत आल्या की आधी पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायच्या आणि तशाच बाहेर जायच्या. दोन पोरं गेलेल्या घरात त्यांनी तरी दुसरं काय करावं.

तिसरी कोंडाबाई. तिच्या पाचव्या दिवशी जंगमस्वामी आले, पोरीला लिंग बांधून, विभूती लावून गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच सासूबाईंनी पोरीला सुपात घातलं. ज्या घरात पोरं टिकत नाहीत तिथलं पोर बाहेरच्या बाईला विकून टाकायचं, म्हणजे सटवीला वाटतं की या घरात न्यायला काही उरलंच नाही. घेणारी बाई अशी हवी की जिची सगळी जगली आहेत. तुझी सहाच्या सहा जगलेली, म्हणून तुला निरोप गेला. तू शेतातून तशीच आलीस, पदरातला मूठभर ज्वारीचा कोंडा सासूबाईंच्या ओंजळीत टाकलास, पोरीला सुपातून उचलून हातावर जोखलंस आणि म्हणालीस, "हलकीच हाय. पर ऱ्हाऊ द्या, चालतीय मला." दारातल्या बायका हसल्या. मी बाजेवरून ऐकत होते. मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही.

लगेच तू ती माझ्याकडे परत दिलीस, दूध पाजायला. रीतच तशी. पोर राहणार आईजवळ, पण पोर घेणारीची. पाच वर्षांची होईपर्यंत आईनं तिला तोंडानं 'माझी' म्हणायचं नाही. कोणी विचारलं तर भागाबाईची म्हणून सांगायचं. मग पाच वर्षांनी तुला साडीचोळी करून ती परत घ्यायची. पाळण्यातलं नाव गिरिजा ठेवलं, पण कोंड्यावर घेतली म्हणून सगळे कोंडाबाईच म्हणू लागले. गावाच्या लेखी ती पाचवीच्या दिवसाची रीत होती, पुढं नुसती बोलण्यापुरती. तू मात्र ती खरीच धरलीस. का धरलीस ते तुला आणि मला दोघींनाच ठाऊक होतं. तुझ्या दहाव्यापर्यंत.

सव्वा महिना झाला, तीन महिने झाले. पोर जगली. घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. माझ्यात आला नाही. पोर रडायला लागली की मी पाळण्याच्या दोरीकडे बघत बसायची आणि हात पुढं व्हायचा नाही. पाजताना भिंतीकडे बघायची. ती मरेल अशी भीती वाटायची, आणि कधीकधी ती मरणार नाही, अशीच जन्मभर रडत राहील, अशीही भीती वाटायची. दोन्हींतली कुठली मोठी होती ते मला आजही सांगता येणार नाही. मी दमले होते, एवढंच कळत होतं. सासूबाईंना म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "लाडू येक जास्ती खात जा." ह्यांना सांगायचं तर हे दिवसभर दुकानात, आणि घरात आले की आईसमोर माझ्याशी चार शब्द बोलायचे नाहीत. वडीलधाऱ्यांपुढं स्वतःचं पोर उचलणंसुद्धा आमच्याकडे निलाजरेपणाचं समजतात. हे जाता जाता पाळण्यात डोकावून बघत, आणि कोणी पाहिलं की खुंटीवरचा रुमाल काढल्यासारखं करत.

ती दुपार तू एकदाही परत काढली नाहीस. आज मीच काढते. सासूबाई शेजारी शेवया करायला गेल्या होत्या. पोर किती वेळ रडत होती कोण जाणे. मी पायात वहाणा न घालता बाहेर पडले आणि जुन्या देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. दगड तापलेले होते. तू वेचणीहून परत येत होतीस, ओटीत कापूस तसाच. मला बघून थांबलीस. माझी चोळी दुधानं भिजली होती, ती तू पाहिलीस.

"पोर कुठं हाय?"

"पाळण्यात."

"मग तू हितं कावून आलीस?"

मी म्हणाले, "मावशी, मला ती नको वाटती."

मला वाटलं, तू मला मारशील. निदान थूः म्हणशील. दोन पोरं गेलेल्या बाईनं तिसऱ्या जित्या पोराबद्दल हे बोलावं, यापेक्षा वाईट काय असतं? तू ओटीतला कापूस माझ्या मांडीवर ओतलास, कमरेला हात लावून वाकलीस, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणालीस, "तुला नको वाटली तर बिघडलं काय? तुझी हाय कुठं ती? माझी हाय. तू नुसतं दूध पाज. माया लावायचं मी बगते, तुला फुरसत झाली की मग तू लाव."

आणि तरातरा माझ्या घरात शिरून तू पोर उचललीस. सासूबाई परत आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि तू अंगणात पोरीला पायावर घेऊन बसली होतीस. "मीच बोलावलं तिला देवळाकडं," तू म्हणालीस. "माझी पोर न्यायला आले." खोटं बोलताना तुझ्या चेहऱ्यावरची एक रेष हलत नसे.

त्या दिवसापासून जेवणं झाली की तू दारात हजर. "आणा माझी पोर." सासूबाईंनी चार दिवस सोसलं, पाचव्या दिवशी म्हणाल्या, "भागाबाई, अवो, ती रीतीपुरती गोष्ट हुती." तू आवाज चढवलास. "रीतीपुरती म्हनता? मग जरा मोठ्यानं म्हना की, सटवीला बी आयकू जाऊ द्या." सासूबाई पुढं कधी काही बोलल्या नाहीत. तुझी शिताफी त्यांच्या लक्षात आली नसेल असं मला वाटत नाही. पण पोर जगवायची होती, आणि तू त्यांना त्यांच्याच रीतीत पकडलं होतंस.

तू पोरीला घेऊन जायचीस आणि मी झोपायची. दुसरं काही करायची नाही. तू पाजायला आणून द्यायचीस, ढेकर काढून परत न्यायचीस, जाताना दुकानातला गुळाचा खडा न विचारता तोंडात टाकायचीस. कधी उपदेश केला नाहीस. आई झालीस, आता असं वाग, तसं वाग, यातलं काही नाही. पोरीच्या ढुंगणावर पुरळ आलंय, तिला चिंचेच्या झाडाखालचा वारा आवडतो, आज तिनं बैलाकडे बघून हात हलवला, एवढंच सांगायचीस. मी ऐकायची, जशी कोणी दुसऱ्याच्या गावची बातमी ऐकतं. मग एके दिवशी मी जागी झाले, ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं, आणि मी दारात जाऊन उभी राहिले. तू लांबून येताना दिसलीस तशी मी म्हणाले, "आज लई उशीर केलास." तू पोर माझ्या हातात दिलीस आणि गुळाचा खडा तोंडात टाकलास. मला वाटतं, तुला काही बोलावंसं वाटलं असणार.

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे, ते मला लिहायला जड जातं. नागपंचमीला आपण सगळ्या झोक्यापाशी जमलो होतो. कोंडाबाई पावणेदोन वर्षांची. पडली, गुडघा फुटला, आणि रडत रडत मला ओलांडून तुझ्याकडे गेली. तुला बिलगून 'आई' म्हणाली. बायका हसल्या. मी घ्यायला गेले तर तिनं मला ढकललं. आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मूठभर कोंडा टाकला म्हणून कोणी आई होत नसतं." तू माझ्याकडे बघितलंस. "खरं हाय," म्हणालीस, पोरीची बोटं तुझ्या पदरातून एकेक सोडवलीस, तिला माझ्या हातात दिलंस आणि घरी गेलीस. आठ दिवस आली नाहीस. नवव्या दिवशी दुपारी दारात. "आणा माझी पोर." मी आणून दिली. मी माफी मागितली नाही, तू मागितली नाहीस, तो विषय तिथंच राहिला. तुला किती लागलं होतं, हे मला विचारायचं होतं. अडीच वर्षं रोज भेट होत होती आणि रोज वाटायचं, उद्या विचारू.

आपलं शेवटचं भांडण मात्र अर्धंच राहिलं. मला दिवस राहिल्याचं तुला सगळ्यात आधी कळलं, माझ्याही आधी. चौथा महिना लागला तशी तू म्हणालीस, "या खेपेला घरच्याला सांग."

"काय सांगू?"

"मागल्या खेपेला काय झालतं ते. देवळापाशी मला जे बोललीस ते."

मी म्हणाले, बाप्यामाणसाला यातलं काय कळणार? आणि कळलं तर ते माझं तोंड तरी बघतील का?

"सांगितल्याबिगर कसं कळंल? गडी साधा हाय, मुका हाय, पर वाईट न्हाई. मी तुला किती दिस पुरनार हाय?"

"तू आहेस की."

"मी म्हातारी हाय, बाई. मला बी कटाळा येतो." हे तू पहिल्यांदाच म्हणालीस. मला राग आला. मी म्हणाले, मग नको येऊस. तू म्हणालीस, "तुझ्यासारकी जिद्दी बाई बगितली न्हाई," आणि गुळाचा खडा न घेता निघून गेलीस.

आठ दिवसांत तुला ताप भरला. किसन, तुझा थोरला, गाडी जुंपून मोमिनाबादच्या सरकारी दवाखान्यात न्यायला निघाला, तर तू त्यालाच झापलंस, की वेचणी सोडून कुठं निघालास. चौथ्या दिवशी तू गेलीस. मला सासूबाईंनी येऊ दिलं नाही. पोटुशीनं आजाऱ्याच्या आणि मेलेल्याच्या घरी जायचं नाही. पोरीला तर त्यांनी कोठीच्या खोलीत घालून कडीच लावली. पाच वर्षं भरायला अजून आठ महिने होते. पोर अजून तुझीच होती, आणि सासूबाईंना भीती की तू तुझी पोर बोलावून घेशील. तुझी तिरडी आमच्याच गल्लीतून गेली. मी दाराच्या फटीतून पायाचे अंगठे बांधलेले पाहिले, तेवढंच. पोर आतून विचारत होती, "मावशी आली का?" आता ती तुला मावशी म्हणते, मीच तसं म्हणायला शिकवलं होतं. त्या दिवसापासून घरात तुझं नाव घ्यायची बंदी झाली.

दहाव्याच्या दिवशी दुपार कलली तेव्हा किसन दुकानापुढं येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. "वैनी, कावळा शिवंना. सकाळधरनं बसलोय वड्यावर. धाकटीचं लगीन करतो म्हनलं, हिरीचं काम पुरं करतो म्हनलं, गाय इकत न्हाई म्हनलं. बाभळीवरनं खाली येतच न्हाई. म्हातारीचा जीव तुमच्या पोरीत अडकलाय. तिला घिऊन चला."

सासूबाई आतून धावत आल्या. "आमच्यात पिंड न्हाई, कावळा न्हाई. आमी मानूस पुरतो अन् मोकळं हुतो. पोर यायची न्हाई. अन् ही पोटुशी, हिला वड्यावर नेतोस व्हय रे?" मला त्यांची दया आली. दोन नातवंडं त्यांनी स्वतःच्या हातांनी गुंडाळून दिली होती.

हे तराजूत हरभरे जोखत होते. आईपुढं कधी मान वर केली नाही त्यांनी. तराजू खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "आमी जाऊन येतो." आणि मला, "चल."

ओढ्यावर तुझे तिघं मुलगे, चार भाऊबंद, दगडावर भाताचा पिंड. ऊन मरणाचं. कोंडाबाई माझ्या कडेवर, एवढी मोठी झाली तरी. किसन म्हणाला, "वैनी, तुमीच काय ते बोला." सगळे बाजूला झाले. काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. पोर तुझी म्हणावं, तर मी आणखी किती दिवस तुझ्या पोरीची दाई राहू? माझी म्हणावं, तर तो शब्द चार वर्षांत तोंडातून काढला नव्हता, आणि तुझ्यासमोर काढावा, तर मी तुला तेव्हा त्या बायकांदेखत काय बोलले होते ते आठवत होतं. माणसं वाट बघत होती. माझे पाय भरून आले होते. खूप थकले होते मी, मावशी. बोलायची युक्ती सुचण्याइतकं त्राण नव्हतं, म्हणून जे खरं होतं तेवढंच तोंडातून निघालं.

"मावशी, मला ही पाहिजे."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुठली आई असं म्हणते? किसनला वाटलं असेल, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. कावळा काही आला नाही. शेवटी त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले. मला वाईट वाटलं नाही. तू कशात जीव अडकवून बसणारी बाई नव्हतीस. त्या दिवशी तिथं अडकलेली मी होते.

परत येताना हे नेहमीसारखे दहा पावलं पुढं. मग चिंचेपाशी थांबले. मी जवळ गेले तरी माझ्याकडे बघेनात.

"म्हंजी तवा नको हुती व्हय?"

मी खोटं बोलू शकले असते. खोटं बोलायला तूच शिकवलं होतंस. मी म्हणाले, "नको होती."

"भागामावशीला ठावं हुतं?"

"तिला एकटीला."

मग हात पुढं करून त्यांनी माझ्या कडेवरची पोर घेतली. गावातली माणसं समोरून येत होती, तरी घेतली. पोर चकित होऊन त्यांच्या मिशांना हात लावून बघायला लागली.

"या खेपेला मला सांग," ते म्हणाले.

मी सांगायला सुरुवात केली. मागच्या खेपेचं, पाळण्याच्या दोरीचं, भिंतीचं, देवळाच्या तापलेल्या पायरीचं, तुझं. ते पुढं जात नव्हते, माझ्याबरोबर चालत होते. गल्ली आली, घर आलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. माझं सांगून संपलं नव्हतं, मावशी. आम्ही घरावरून तसेच पुढं चालत गेलो.